लाकडी हूडमध्ये मेटल हॅलाइड दिवे बसवताना : नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करून

दीडशे वॉटचे दोन मेटल हॅलाइड दिवे आठ तास जळले की फिश टँकच्या डोक्यावर २.४ युनिट वीज खर्च होते, आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन हूडच्या, म्हणजे टँकवरच्या दिवे बसवलेल्या झाकणपेटीच्या, लाकडात, आतल्या हवेत आणि टँकच्या पाण्यात उतरते. इतर शहरांत ही गोष्ट थोडी अडचणीची असते. नागपुरात मात्र, जिथे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता, तिच्यावरच सगळे काम उभे राहते किंवा फसते. म्हणून या लेखात दिव्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, विचार हवेच्या वाटेचा केला आहे. उदाहरण म्हणून चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच, साधारण तीनशे लिटर पाण्याचा टँक धरला आहे. आपला टँक लहान-मोठा असेल तर आकडे त्या प्रमाणात बदलावेत.

आधी गरज तपासावी

सगळे साहित्य नव्याने विकत घ्यायचे असेल, तर आज एलईडी घेणे अधिक शहाणपणाचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. त्याला वीज कमी लागते, उष्णता कमी होते आणि दरवर्षी बल्ब बदलावा लागत नाही. तरीही मेटल हॅलाइडची ओढ असणाऱ्यांची कारणे खोटी नाहीत. या दिव्याचा प्रकाश बोराएवढ्या जागेतून निघतो, त्यामुळे पाण्यावरच्या लहरी तळाच्या वाळूवर हलत्या रेघा उमटवतात. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात ही गंमत येत नाही. शिवाय दोन फुटांहून खोल टँकच्या तळापर्यंत पुरेसा प्रकाश पोहोचवण्याचे काम तो सहज करतो. तिसरे कारण काटकसरीचे आहे. कापडाच्या आणि दागिन्यांच्या अनेक दुकानांनी एलईडी बसवताना ७० आणि १५० वॉटची जुनी फिटिंग काढून टाकली आणि ती जुन्या सामानाच्या बाजारात स्वस्तात मिळू शकतात. अशा फिटिंगचा अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि चोक (करंट मर्यादित ठेवणारा भाग) वापरता येतो, पण त्यातला बल्ब ३००० किंवा ४२०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), म्हणजे टँकसाठी पिवळट असतो. तो बदलावाच लागतो.

विजेचा हिशेबही इथेच करून टाकावा. चोकमध्ये वाया जाणारी वीज धरली तर दोन दिव्यांना मिळून सुमारे ३४० वॉट लागतात. रोज आठ तास म्हणजे महिन्याला ८० युनिटच्या थोडे वर. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर वरचा टप्पा सुरू होतो, त्यामुळे या ऐंशी युनिटांचे बिल बहुतेक घरांत वरच्या दरानेच पडते. एप्रिल ते जून कुलरचे बिल आधीच येत असते, हे विसरू नये.

बल्ब आणि फिटिंगची निवड

लांबीच्या दर दोन फुटांमागे एक दिवा हा सर्वसाधारण नियम आहे. चार फुटी टँकला दोन. दीड फूट खोलीपर्यंत ७० वॉट, दोन फुटांपर्यंत १५० वॉट आणि त्याहून खोल किंवा कठीण प्रवाळांच्या टँकला २५० वॉट, असा अंदाज धरावा. पाणवनस्पतींसाठी ६५०० केल्व्हिनच्या आसपासचा, तर प्रवाळांसाठी १०,००० ते १४,००० केल्व्हिनचा बल्ब घेतला जातो. २०,००० केल्व्हिनचा उजेड डोळ्यांना गर्द निळा दिसतो, पण तेवढ्याच वॉटमध्ये एकूण प्रकाश कमी मिळतो. पाणवनस्पतींच्या टँकवर दोन दीडशे वॉट म्हणजे तीव्र प्रकाश होय. कार्बन डायऑक्साइड आणि खत यांची सोय नसेल, तर त्याचा फायदा झाडांऐवजी शेवाळाला होतो.

बल्बचे दोन मुख्य प्रकार आढळतात. एकात दोन्ही टोकांना टोप्या असतात. ७० आणि १५० वॉटमध्ये त्याच्या होल्डरला आरएक्स७एस म्हणतात आणि तो आडवाच बसवावा लागतो. दुसरा एकाच टोकाला आटे असलेला, मोठ्या ई-४० होल्डरमध्ये बसणारा असतो. दुसऱ्या प्रकारात आतल्या क्वार्ट्झच्या नळीभोवती काचेचे मोठे आवरण असल्यामुळे अतिनील किरण बऱ्याच अंशी अडतात. दोन टोप्यांच्या बल्बचे तसे नाही. तो टफन्ड, म्हणजे उष्णता देऊन मजबूत केलेल्या, काचेमागेच वापरावा लागतो. उघडा वापरल्यास डोळ्यांना, कातडीला आणि प्रवाळांनाही इजा होते. बल्ब क्वचित फुटतो, तेव्हा तापलेले तुकडे पाण्यात पडू नयेत म्हणूनही ती काच हवी. काचेला बारीक तडा गेला तरी नवी बसेपर्यंत दिवा लावायचा नाही.

नवशिक्याने सुटे होल्डर आणि सुटा पत्रा जोडत बसण्यापेक्षा रिफ्लेक्टर आणि पुढची काच असलेले बंद फिटिंगच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे थोडे जास्त जातात, पण बल्बच्या सर्वांत धोक्याच्या भागाभोवतीचे काम कारखान्यात झालेले असते. ज्या फिटिंगमध्ये चोक आतच असतो, ते घेतल्यास चोक बाहेर काढावा लागेल. त्याची कारणे पुढे येतील.

हूडचे लाकूड आणि मापे

विदर्भात राहण्याचा एक फायदा म्हणजे सागवान. बल्लारशाच्या सागाला देशभर मागणी असते आणि नागपूरच्या लकडगंज बाजारात चांगले कोरडे सागवान मिळते. संपूर्ण हूड सागवानाचा करण्याची गरज मात्र नाही. चौकट सागवानाची आणि बाजूच्या फळ्या १२ किंवा १८ मिलिमीटर मरीन प्लायच्या केल्या तर काम टिकते आणि खर्चही आवाक्यात राहतो. प्लायवर आयएस ७१० हा मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का पाहूनच घ्यावा. साधा कमर्शियल प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) यांना टँकच्या वाफेपुढे तग धरता येत नाही. एका पावसाळ्यात त्यांचे पदर सुटतात किंवा ते फुगतात.

लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे आकार बदलते, आणि नागपुरात हा बदल टोकाचा असतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कोरडेठाक झालेले लाकूड जुलैमध्ये फुगते, घरोघरची दारे अडकू लागतात, तसाच हूडचा दरवाजाही अडकतो. म्हणून दरवाजाच्या चारही बाजूंना तीन मिलिमीटरची फट ठेवायला सुताराला सांगावे. सुतार नीट बसणारा दरवाजा करण्यात अभिमान बाळगतो. ही फट मुद्दाम हवी आहे, हे त्याला पटवून द्यावे लागते.

आतली उंची किमान १५ इंच ठेवावी. हिशेब असा : बल्ब पाण्याच्या पृष्ठभागापासून दहा इंच वर, त्यावर दोन-अडीच इंच रिफ्लेक्टर आणि फिटिंगची पाठ, आणि फिटिंगच्या पाठीपासून हूडच्या छतापर्यंत किमान तीन इंच मोकळी हवा. दिसायला ठेंगणा हूड सुबक वाटतो आणि सुतारही तसाच सुचवतो, पण या दिव्यांच्या बाबतीत उंचीत केलेली काटकसर थेट लाकडाच्या मुळावर येते. लाकूड पेट घेण्यासाठी साधारण अडीचशे अंशांच्या पुढचे तापमान लागते हे खरे, पण त्याहून बऱ्याच कमी तापमानात ते महिनोन्‌महिने राहिले तरी सुकते, तडकते आणि काळवंडते. आणि काळवंडलेले लाकूड आधीपेक्षा लवकर पेटते.

छताच्या आतल्या बाजूला, फिटिंगच्या वर येणाऱ्या भागात, अॅल्युमिनियमचा पत्रा लावावा. तो लाकडाला चिकटवून न लावता अर्ध्या इंचाचे स्पेसर घालून लावावा, म्हणजे पत्रा आणि लाकूड यांच्यामधूनही हवा वाहते. फायबर सिमेंट बोर्डाचा तुकडाही चालतो. स्पेसर धातूचे किंवा सिरॅमिकचे असावेत.

आतून लाकडाला पॉलिशऐवजी पाणी न धरणारा पांढरा पीयू (पॉलियुरेथेन) पेंट दोन-तीन हात द्यावा. कापलेल्या कडा आणि पंख्यासाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या बाजू यांना एक हात जास्त द्यावा, कारण प्लायमध्ये ओल शिरते ती कडेनेच. रंग दिल्यावर आठवडाभर हूड उघड्यावर वाळू द्यावा. ओल्या रंगाची वाफ टँकमध्ये उतरणे माशांना घातक ठरू शकते. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर ३१६ प्रतीचे स्टील शोधावे, कारण साधे लोखंड तिथे काही महिन्यांत गंजते आणि गंजाचे थेंब पाण्यात पडतात.

दरवाजा वर उचलला जाणारा असेल तर त्याला भक्कम टेकू हवा. दोन्ही हात पाण्यात असताना तापलेल्या फिटिंगसह झाकण मानेवर येणे हा विनोदाचा विषय नाही. शक्य असल्यास फिटिंग झाकणाला न लावता चौकटीला आडव्या बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर टांगावीत. मग झाकण उघडले तरी दिवे जागच्या जागी राहतात आणि वायरही दर वेळी वाकत नाही.

हवेची वाट

फिटिंगचा भार ३०० वॉट. आतली हवा खोलीपेक्षा पाच अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर दर मिनिटाला सुमारे १०० ते ११० घनफूट हवा हूडमधून वाहिली पाहिजे. संगणकात वापरतात तो १२० मिलिमीटरचा पंखा वेष्टनावरच्या आकड्याइतकी हवा मोकळ्यावरच देतो. जाळी आणि अडथळे धरले तर प्रत्यक्षात त्याच्या बरीच खाली. म्हणून दोन पंखे घ्यावेत, एक पुरेल असे दुकानदाराने सांगितले तरी.

पंखे हवा आत ढकलणारे असावेत की बाहेर ओढणारे, यावर दोन मते आहेत. मी आत ढकलणारे लावावेत या मताचा आहे. बाहेर ओढणाऱ्या पंख्यातून टँकची सगळी दमट, कधी खारट हवा जाते आणि त्याच्या बेअरिंगचे आयुष्य कमी होते. आत ढकलणाऱ्यातून मात्र खोलीतली कोरडी हवा जाते. दोन्ही आडव्या टोकांच्या फळ्यांवर, टँकच्या काठापासून इंच-दोन इंच वर, एकेक पंखा बसवावा, म्हणजे हवा आधी पाण्यावरून सरकते, मग तापलेल्या फिटिंगना वळसा घालते. ती बाहेर पडण्यासाठी मागच्या फळीच्या वरच्या कडेला दोन इंच उंचीची आणि अडीच फूट लांबीची फट ठेवावी. बाहेर पडण्याची जागा आत येण्याच्या जागेपेक्षा दीडपट तरी मोठी हवी. ती लहान ठेवली तर पंखे नुसता आवाज करतात. टँक भिंतीला चिकटून असेल तर मागे चार इंच अंतर सोडावे.

पाण्यावरून हवा सरकवण्याचे दुसरे, मोठे कारण बाष्पीभवनाचे आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता निघून जाते. म्हणजे दिव्यांची सगळी २.४ युनिट उष्णता पाण्यात उतरली असे वाईटात वाईट गृहीत धरले, तरी साडेतीन लिटर पाणी उडाले की ती परत गेली. मे महिन्याच्या नागपुरी हवेत ओलावा इतका कमी असतो की तीनशे लिटरच्या टँकमधून रोज तेवढे पाणी दोन पंख्यांनी सहज उडते. खिडकीतला कुलर ज्या नियमाने खोली थंड करतो, त्याच नियमाने हे पंखे टँक थंड करतात, आणि कुलर जुलैमध्ये ज्या कारणाने निकामी होतो, त्याच कारणाने हेही तेव्हा मंदावतात. म्हणून नागपुरात टँकची खरी कसोटी अनेकदा मेऐवजी जूनच्या अखेरीस, पहिला पाऊस पडून उकाडा दाटतो तेव्हा लागते. त्या आठवड्यांत दिव्यांचे तास कमी करण्याची तयारी ठेवावी.

उडालेल्या पाण्याच्या जागी साधे गोडे पाणी घालावे, शक्यतो आरओचे. वाफ होताना क्षार मागेच राहतात. रोज तीन-चार लिटर नळाचे पाणी घालत राहिल्यास दोन महिन्यांत पाण्याचा कठीणपणा वाढत जातो, आणि समुद्री टँकमध्ये चुकून खारे पाणी घातले तर क्षारता हाताबाहेर जाते.

चोक बाहेरच

मेटल हॅलाइड दिवा थेट मेनवर चालत नाही. त्याला करंट मर्यादित ठेवणारा चोक, सुरुवातीला काही हजार व्होल्टचा झटका देणारा इग्नायटर आणि तांब्याच्या चोकसोबत पॉवर फॅक्टर सुधारणारा कॅपॅसिटर लागतो. प्रत्येक दिव्याला या तिन्ही वस्तूंचा स्वतंत्र संच हवा. १५० वॉटच्या बल्बसाठी चोकवर १.८ अँपिअर लिहिलेले असावे आणि कॅपॅसिटर २० मायक्रोफॅरडच्या आसपासचा असावा. ७० वॉटला साधारण १ अँपिअर आणि १२ मायक्रोफॅरड. चोकवरचा आकडा आणि बल्बच्या कागदावरचा आकडा जुळत नसेल, तर दुकानदार काहीही म्हणाला तरी तो चोक घेऊ नये.

तांब्याचा चोक चालताना हात ठेववणार नाही इतका तापतो. तो हूडमध्ये ठेवला तर हूड आणखी तापतो, टँकखालच्या कपाटात ठेवला तर गळतीचे पाणी आधी त्याच्यावरच पडते. भिंतीवर, टँकच्या काठापेक्षा वरच्या उंचीला, बाजूने जाळ्या असलेल्या पत्र्याच्या डब्यात तो बसवावा. डबा लाकडी फळीवर ठोकायचा असेल तर मध्ये सिमेंट बोर्ड घालावा. चोक दूर नेता येतो, पण इग्नायटर नेहमी दूर नेता येत नाही : बऱ्याच इग्नायटरना दिव्यापासून मीटर-दीड मीटरच्या आतच राहावे लागते, नाहीतर झटका वायरमध्येच विरतो. ती मर्यादा इग्नायटरच्या अंगावर किंवा पत्रकात दिलेली असते. ती पाहूनच डब्याची जागा ठरवावी.

इलेक्ट्रॉनिक चोक हलका असतो, घरघर करत नाही आणि कमी तापतो. मात्र पावसाळ्याच्या तोंडावर विजांचा कडकडाट सुरू झाला की व्होल्टेजच्या उसळीचा पहिला बळी तोच ठरू शकतो. सर्ज प्रोटेक्शन नसलेल्या घरात मी तांब्याच्या चोकलाच पसंती देईन.

वायरिंग

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. तरी क्रम आपल्याला माहीत असावा, कारण घरगुती काम करणाऱ्या सगळ्यांनी इग्नायटर हाताळलेला असतोच असे नाही.

टँकसाठी स्वतंत्र ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागल्यास वीज तोडणारा स्विच) घ्यावा. तिथून फेज टायमरला, टायमरमधून चोकला, चोकमधून इग्नायटरच्या चोककडील टोकाला आणि इग्नायटरच्या दिव्याकडील टोकातून बल्बला. न्यूट्रल एका फाट्याने इग्नायटरला आणि दुसऱ्याने बल्बच्या दुसऱ्या टोकाला. कॅपॅसिटर चोकच्या आधी, फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये. इग्नायटरवर जोडणीचे चित्र छापलेले असते. ते आणि प्रत्यक्ष जोडणी शेजारी शेजारी धरून पाहावी. ई-४० बल्ब असेल तर इग्नायटरकडून येणारी वायर होल्डरच्या मधल्या टोकाला जाते, आट्यांच्या बाजूला नाही.

मेनपासून डब्यापर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. डब्यापासून दिव्यापर्यंत मात्र घरातली नेहमीची पीव्हीसी वायर वापरू नये. ती ७० अंशांसाठी बनवलेली असते आणि फिटिंगच्या पाठीशी तिचे आवरण कडक होऊन तडकते. तिथे काचतंतूची जाळी असलेली सिलिकॉन वायर, आणि तिच्यावर आणखी एक सिलिकॉनची स्लीव्ह हवी, कारण सुरुवातीचा झटका याच वायरमधून जातो. जोड चिकटपट्टीने न करता सिरॅमिकच्या कनेक्टरमध्ये करावेत. प्रत्येक वायरीला प्लगच्या किंवा डब्याच्या आधी खाली झोळ द्यावा; वायरीवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी टपकतो, प्लगमध्ये जात नाही.

अर्थिंगच्या बाबतीत तडजोड नको. फिटिंग, छताचा पत्रा, चोकचा डबा, सगळे अर्थला जोडलेले हवे. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा ओलावा जातो; जुन्या घरात राहत असाल तर मार्च ते जून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे. दिवे लागताना आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर कारण शोधायला लावावे. तो काढून टाकण्याचा सल्ला देणारा मिस्त्री बदलावा.

टायमर बॅटरी असलेला डिजिटल घ्यावा, १६ अँपिअरचा. चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो, आणि उन्हाळ्यात दोन-चार वेळा वीज गेली की रात्रीचे दिवे पहाटे लागू लागतात. डब्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करून काही मिनिटे थांबावे. डिस्चार्ज रेझिस्टर (साठलेली वीज उतरवणारा भाग) नसलेला कॅपॅसिटर वीज गेल्यावरही झटका देऊ शकतो.

पहिल्यांदा पेटवणे

हूड टँकवर चढवण्याआधी त्याची जमिनीवर परीक्षा घ्यावी. दोन स्टुलांवर हूड ठेवावा, बल्ब स्वच्छ कापडाने धरून बसवावा आणि काचेवर बोटांचे ठसे उमटलेच तर स्पिरिटने पुसावेत, कारण कातडीचे तेल तापलेल्या क्वार्ट्झला कायमचा डाग पाडते. मग काच बंद करून एमसीबी वर करावा.

चोकची बारीक घरघर सुरू होते. बल्बच्या पोटात आधी निळसर-जांभळा ठिपका थरथरतो, मग तो लांबतो, हिरवट होतो, आणि तीन ते पाच मिनिटांत पूर्ण पांढरा, पाहवणार नाही इतका तेजस्वी होतो. दोन बल्ब एकाच डब्यातून आलेले असले तरी सुरुवातीला त्यांच्या रंगात फरक दिसू शकतो. साधारण शंभर तास जळल्यावर रंग स्थिर होतो. तोवर बल्ब बदलून मागण्याची घाई करू नये. दिवा एकदा विझवला की तो गार झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही. दहा-पंधरा मिनिटे लागतात. वीज क्षणभर लुकलुकली तरी हेच होते, त्यामुळे अंधार झाला म्हणून लगेच इलेक्ट्रिशियनला फोन करण्याची गरज नाही.

दोन तास दिवे आणि पंखे चालू ठेवून छताच्या लाकडाला आतून बांधलेल्या थर्मामीटरचा आकडा पाहावा. थर्मामीटर नसेल तर दिवे बंद करून लगेच तळहात टेकवावा : पाच सेकंद आरामात ठेवता आला तर ठीक. हात मागे घ्यावासा वाटला तर लाकूड साठ अंशांच्या आसपास किंवा पुढे आहे, आणि हवेची फट वाढवणे किंवा फिटिंग खाली घेणे भाग आहे. ही परीक्षा डिसेंबरात घेतली असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा घ्यावी. त्यानंतर एक पंखा मुद्दाम बंद करून अर्धा तास पाहावे, कारण कधीतरी तो बंद पडणारच आहे.

तास आणि तापमान

टँकमधल्या जिवांना एकदम आठ तास हा प्रकाश देऊ नये. पहिला आठवडा तीन-चार तास, मग दर आठवड्याला अर्धा-एक तास वाढवत न्यावे. प्रवाळ नव्या तीव्र प्रकाशात पांढरे पडतात, झाडांची जुनी पाने जळतात, आणि शेवाळ मात्र खूश होते.

नागपुरात उन्हाळ्यापुरती दिव्यांची वेळ बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुपारी दोन ते पाच या वेळात खोली सर्वाधिक तापते, तेव्हा दिवे बंद असावेत. सायंकाळी सातपासून रात्री एकपर्यंत एकाच सलग पाळीत ते लावावेत. दिवसातून दोनदा पेटवल्याने बल्बचे आयुष्य कमी होते. पाणवनस्पतींना आणि प्रवाळांना २४ ते २७ अंश मानवतात. पाणी ३० च्या पुढे जाऊ लागले की दिव्यांचे तास निम्मे करावेत. उष्ण पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो : गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३२ अंशांना सुमारे ७.३. म्हणून त्या दिवसांत एअर पंप रात्रभर चालू ठेवावा. दिव्यांचा पुरवठा ठरावीक तापमानाला तोडणारा थर्मोस्टॅट टायमरनंतर बसवला, तर घरी कोणी नसतानाही हे आपोआप होते. प्रवाळांच्या टँकला यावर भागेलच असे नाही. तिथे चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) किंवा एसीच्या खोलीचा खर्च आधीच धरावा.

देखभाल

फिटिंगची काच दर पंधरवड्याला, गार असताना, व्हिनेगरच्या ओल्या कापडाने पुसावी. पाण्याचे तुषार वाळून तिच्यावर पांढरा थर बसतो आणि तो बराच प्रकाश अडवतो. पंख्यांच्या जाळ्या उन्हाळ्यात त्याहून लवकर धुळीने भरतात. छताचे लाकूड दर तीन महिन्यांनी टॉर्च लावून पाहावे आणि कुठे तपकिरी छटा किंवा रंगाला फोड दिसला तर दिवे बंद करून आधी तो प्रश्न सोडवावा.

बल्ब विझेपर्यंत वापरायचा नसतो. वर्षभरात त्याचा रंग सरकतो आणि तेज घटते. प्रवाळांसाठी नऊ ते बारा महिन्यांत तो बदलावा. झाडांच्या टँकला थोडा अधिक काळ चालवता येतो. बसवल्याची तारीख चोकच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवावी, आणि नव्या बल्बच्या वेळी दिव्यांचे तास पुन्हा थोडे कमी करून वाढवत न्यावेत. जुन्या बल्बमध्ये पारा असतो आणि २०१६ च्या ई-कचरा नियमांपासून पारा असलेले दिवे ई-कचऱ्यात मोजले जातात. तो घंटागाडीत न टाकता नव्या बल्बच्या खोक्यात नीट बांधून ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावा. घरात फुटलाच तर पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात, मुलांना खोलीबाहेर पाठवावे आणि तुकडे झाडूने न लोटता ओल्या कागदाने टिपून झाकणाच्या बरणीत भरावेत.